आडवे आप्पा

आप्पामामांचा केळीचा हिशोब बघायचा तर त्यांच्या यावलच्या ओसरीवर आधी चहाच्या बश्या उचलाव्या लागतात. हिशोब म्हणजे एक्सेलचे छापील कागद, डिंकाने एकाला एक चिकटवलेले. नावं पाटावर राहतात आणि शेवटचा भाव अंगणात तुळशीपाशी सापडतो. वारा सुटला की मामी तांब्या ठेवते.

गटातल्या प्रत्येक शेतकऱ्याला एक ओळ. कापणी झाली की उजवीकडे तीन नवे रकाने: तारीख, क्विंटल, भाव. ज्याचे घड त्या दिवशी उतरले नाहीत त्याच्यापुढे 'निरंक'. रिकामी जागा आप्पांना बघवत नाही, पंगतीत पान मांडून वाढायचं राहिल्यासारखं वाटतं. त्यामुळे अर्धा कागद निरंकनेच भरलाय.

जुन्या एक्सेलला रकाने २५६. नावाचा एक सोडला तर ८५ कापण्या. त्या संपल्या त्या रात्री मला पुण्याला फोन आला, "अरे भो, कम्प्युटर भरला!" मी नवं एक्सेल टाकून दिलं, त्यात रकाने १६,३८४. आप्पांनी बोटं मोडत भागाकार केला. "५,४६१ कापण्या. आपल्यापुरत्या झाल्या."

मग मी मास्तरकी केली. म्हटलं, मामा, रकाने चारच ठेवा: शेतकरी, तारीख, क्विंटल, भाव. प्रत्येक कापणी खालच्या नव्या ओळीत.

"म्हणजे एकाच माणसाचं नाव वीसदा लिहू?"

"नाव एकदाच, दुसऱ्या तक्त्यात. इथे त्याचा नंबर."

"चांगल्या घरच्या माणसाला नंबर?"

शेवटी मी सातबारा काढला. गाव नमुना बारामध्ये दरसाल पीक बदलतं, पण छापील रकाने तेच. नवं साल नव्या ओळीत. तलाठ्याने दरवर्षी नवा रकाना आखला असता तर उतारा भुसावळपर्यंत गेला असता. आयबीएममधल्या एडगर कॉडने १९७० साली ओळी-रकान्यांच्या तक्त्यांचं शास्त्र मांडलं, त्याच्या कितीतरी आधीपासून आप्पा हे तक्ते वाचत आलेत. फक्त स्वतःच्या हिशोबाला हात घातला की त्यांना आडवं व्हावंसं वाटतं.

त्यांची एक गोष्ट मात्र मला खोडता आली नाही. "एका माणसाचं अख्खं वर्ष मला एका नजरेत दिसतं. तुझ्या उभ्या कागदात ते कुठे शोधू?" वाचायला आडवं सोयीचं असतंच. म्हणून साठवायचं उभं आणि बघायचं तेव्हा पिव्होट लावून आडवं करून घ्यायचं. मी करून दाखवलं. आप्पा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरं आहे." मामी म्हणाली, पटलं नसलं की ते असंच म्हणतात.

पण पंधरा दिवसांनी फोन आला तो खुशीतला.

"तुझं ऐकलं बरं का. एक रकाना वाढवला नाही. चार म्हणजे चार."

"वा मामा! आणि ओळी?"

"त्याही आटोपशीर. प्रत्येक शेतकऱ्याची वेगळी शीट काढली. एकशे बारा झाल्या. आता खालच्या पट्टीवर ती नावं मावत नाहीत, तेवढं कम्प्युटर रुंद करून दे."