शीटवाले गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळांशी ज्यांचा शिक्षक, पालक, पर्यवेक्षक किंवा निदान एखाद्या शिक्षकाचा जावई म्हणून का होईना संबंध आलेला आहे, त्यांना शीटवाल्या गुरुजींची निराळी ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. प्रत्येक केंद्रात ते एक असतातच. सरकारी दफ्तरात त्यांना ‘तंत्रस्नेही शिक्षक’ असे भारदस्त नामाभिधान आहे. परंतु जव्हारच्या एस.टी. स्थानकापासून खोडाळ्याच्या बाजारापर्यंत त्यांना कोणी त्या नावाने हाक मारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. रात्रीचे साडेअकरा वाजलेले असावेत, आषाढाचा पाऊस कौलांवर कोसळत असावा, वीज संध्याकाळीच गेलेली असावी, आणि ज्या क्षणी मोबाइलला चुकून रेंज मिळते नेमक्या त्याच क्षणी शिक्षकांच्या समूहावर त्यांचा संदेश येऊन थडकावा : ‘सुधारित निकालपत्रक, आवृत्ती सात. आधीची डिलीट करावी. फक्त पिवळ्या रकान्यांतच माहिती भरावी.’

या शेवटच्या वाक्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण गुरुजींचे समग्र जीवनविषयक तत्त्वज्ञान त्यात साठविलेले आहे. दिनांक 20 ऑगस्ट 2010 च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि तोवर शंभरांपैकी अमुक गुण असा एक आकडा लिहून मोकळा होणारा मास्तर आकारिक, संकलित, वर्णनात्मक नोंदी आणि अ-1 पासून इ-2 पर्यंतच्या नऊ श्रेणी यांच्या चक्रव्यूहात सापडला. प्रत्येक मुलाची, प्रत्येक विषयाची, प्रत्येक सत्राची बेरीज करून 91 पासून वर अ-1, 81 पासून वर अ-2 असे उतरत उतरत इ-2 पर्यंत यावयाचे आणि शेवटी उभी बेरीज आडवीशी जुळत नाही म्हणून पुन्हा आरंभ करावयाचा, अशा अवस्थेत एप्रिल महिना जात असे. तेव्हा गुरुजींनी एक्सेलमध्ये अशी शीट तयार केली, की आपण फक्त नाव आणि गुण लिहावेत आणि श्रेणी, शेकडेवारी, प्रगतिपुस्तक, एवढेच नव्हे तर ‘गणितात रुची दाखवतो’ ही नोंददेखील तिने आपली आपण उमटवावी. आपण लिहावयाची जागा पिवळी. शीट लिहिणार ती जागा पांढरी, आणि तिला कुलूप. एक्सेलच्या एका पानावर 10,48,576 ओळी मावतात आणि आमच्या शाळेचा पट 23 आहे. परंतु त्या अफाट पांढऱ्या प्रदेशापैकी आम्हांस इनाम म्हणून मिळालेली जमीन तेवढीच पिवळी.

शीट चांगली चालली, आणि तिथेच माणूस बिघडला. सृष्टीतील यच्चयावत पदार्थांचे पिवळे आणि पांढरे असे दोन वर्ग त्यांनी मनाशी कायम केले. एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला गेले असता आहेराची वही पाहून त्यांना कसेसेच झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आहेराची शीट यजमानांच्या मोबाइलवर पाठविली. यजमानांच्या सासूबाईंनी नातवाकरवी ‘साडी, नग एक’ हा मजकूर नेमका रकमेच्या रकान्यात भरविला, त्यामुळे एकूण बेरजेच्या ठिकाणी चूक दाखविणारी इंग्रजी अक्षरे उमटली, आणि गुरुजींनी भर पंगतीच्या गप्पांत त्या वृद्ध बाईंना, ‘मावशी, पिवळ्यात पण आकडाच टाकायचा असतो,’ असे समजावून सांगितल्याचे मी स्वतः ऐकले आहे. माझ्या हजेरीपत्रकावर डाग पडला तेव्हा, ‘सर, हा भाग लॉक करायला हवा होता,’ असे ते म्हणाले. वधूसंशोधन करणाऱ्या एका तरुण शिक्षकाला त्यांनी अपेक्षांचा तक्ता करून दिला होता. त्यात वधूच्या स्वभावाचा रकाना पांढरा होता.

उन्हाळ्याच्या तोंडी आमच्या भागात बोहाडा असतो. देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून एकामागून एक सोंगे रात्रभर नाचत येतात. कोणामागून कोणी यायचे हे गावाला ठाऊक असते आणि ते कुठे लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटलेली नाही. गुरुजींना वाटली. सोंगांचा क्रम, मुखवट्याची स्थिती, घराणे आणि वर्गणी अशी चार सदरे घालून त्यांनी पत्रक छापून आणले आणि ज्या सोंगांची माहिती अपूर्ण होती ते रकाने अर्थातच पिवळे ठेवून गावच्या म्हाताऱ्यापुढे धरले. म्हाताऱ्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, ‘गुरुजी, ह्यो पिवळा देव कोणचा?’

त्यांच्या कृतींपैकी सर्वांत दूरवर गेलेली कृती म्हणजे अंकांचे अक्षरांत रूपांतर करणारी छोटीशी आज्ञावली. सरकारी देयकावर आकड्यांखाली ‘अक्षरी रुपये’ असे एक सदर असते आणि तिथे चूक झाली की देयक परत येते. इंग्रजीत पहिले वीस शब्द आणि पुढच्या दशकांची नावे एवढ्या भांडवलावर शंभरापर्यंतचा संसार सुखाने चालतो. मराठीत तशी सोय नाही. येथे एकोणतीस, एकतीस, त्रेचाळीस, अडुसष्ट, सत्त्याण्णव असा प्रत्येक आकडा स्वतंत्र संस्थानिक आहे. जव्हारचे संस्थान 1948 साली विलीन झाले, परंतु मराठी आकड्यांचे विलीनीकरण अद्याप व्हावयाचे आहे. तेव्हा शून्यापासून नव्याण्णवपर्यंतची शंभरही नावे एकेक करून टंकित करणे प्राप्त होते. गुरुजींनी ती केली, त्यांचा संच बांधला आणि ज्याने मागितला त्याला आणि ज्याने नाही मागितला त्यालाही पाठविला. मग कोणी तो वेतनाच्या तक्त्यात जोडला, कोणी आयकराच्या गणनेत, कोणी शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीत. या शेवटच्या ठिकाणी पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ या हिशेबाने 19 हजर मुलांचे 1 किलो 900 ग्रॅम होतात आणि हा हिशेब रोज, न चुकता, डाळीच्या ग्रॅमांसह लिहावा लागतो.

आता त्या शंभर नावांतला एकोणऐंशी हा आकडा टंकित करताना गुरुजींच्या हातून एक बारीक प्रमाद घडला होता. ‘ऐ’ हे अक्षर एका कळीने न काढता त्यांनी ‘ए’ लिहून त्यावर मात्रा चढविली. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, परंतु युनिकोडच्या लेखी ती निराळी. पुढे एका दूरच्या जिल्ह्यातून एक देखणी शीट फिरत फिरत आमच्या समूहावर आली. तळाशी ‘निर्मिती’ या शब्दापुढे कोणा अपरिचिताचे नाव आणि हसरे छायाचित्र. गुरुजींनी काहीएक न बोलता तिच्यात 79 हा आकडा लिहिला आणि उमटलेल्या अक्षरांत शुद्ध ‘ऐ’ शोधावयास संगणकास फर्माविले. सापडला नाही. ‘आपलीच आहे,’ एवढेच ते म्हणाले, आणि ज्या समाधानाने म्हणाले ते पाहून मला त्यांचा अतिशय राग आला, कारण अशा वेळी चार शब्द खडसावून लिहावेत ही माझी सूचना त्यांनी मनावर घेतली नाही. पुढच्या आवृत्तीत त्यांनी छपन्न गोष्टी सुधारल्या. एकोणऐंशी मात्र जाणूनबुजून तसाच ठेवला.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या गृहस्थाने 1983 साली अशी चळवळ आरंभिली, की आज्ञावली ही सर्वांना वापरता, तपासता, बदलता आणि वाटता आली पाहिजे. आणि 1989 साली तिचा रीतसर परवानाही सिद्ध केला, ज्याच्या कलमांन्वये मूळ कर्त्याची स्वामित्वसूचना पुसता येत नाही. गुरुजींना या सनदेचा पत्ता नाही. त्यांचा परवाना एका ओळीचा आहे : ‘मोफत वापरा, पुढे पाठवा, फक्त तळाचे नाव बदलू नये ही नम्र विनंती.’ स्टॉलमनसाहेबांच्या परवान्यामागे कायदा उभा आहे. गुरुजींच्या परवान्यामागे नुसती नम्र विनंती, आणि नम्र विनंतीची महाराष्ट्रात जी वासलात लागते तीच लागली.

परंतु माझी खरी तक्रार निराळीच आहे. पूर्वी वरच्या कार्यालयातून एखादे प्रपत्र आले, तर ते भरावयास आठ दिवस लागतात हे तिथल्या लेखनिकालाही मान्य असे आणि तो पंधरा दिवसांची मुदत देई. गुरुजींच्या शीटने ते काम अर्ध्या तासावर आणले. ही वार्ता वर पोचण्यास विलंब लागला नाही आणि मुदतही अर्ध्या तासावर आली. ‘तात्काळ, आज दुपारी चारपर्यंत, विलंबास मुख्याध्यापक व्यक्तिशः जबाबदार,’ असे फर्मान सुटू लागले. सोमवारी उभ्या तक्त्यात मागितलेली माहिती गुरुवारी आडव्या तक्त्यात मागविली गेली. गुरुजींनी उभ्याचे आडवे करणारी शीट त्याच रात्री पाठविली. म्हणून पुढच्या आठवड्यापासून दोन्ही मागविण्यात येऊ लागले. परोपकारी माणसाने उपकार किती वेगाने करावा याला काही धरबंद असावा, असे मी त्यांना एकदा स्पष्ट म्हटले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हणजे सर, शीटमध्ये मुद्दाम दोन दिवस थांबायची सोय करू का?’

लोक त्यांना कोणत्याही वेळी फोन करतात. बहुतेकांची तक्रार एकच : रकान्यात आकड्याऐवजी नुसत्या जाळीसारख्या खुणा दिसतात, सगळे गेले. गेलेले काहीही नसते. रकाना अरुंद असतो. हे ते प्रत्येकाला नव्याने, न कंटाळता सांगतात. कुलपाचा परवलीचा अंक मात्र कोणास सांगत नाहीत. तो 0106 आहे हे आमच्या केंद्रात सर्वांस माहीत आहे, कारण जन्माची नोंद नसलेल्या ज्या ज्या मुलाला आम्ही शाळेत दाखल करून घेतले, त्याची जन्मतारीख वर्षानुवर्षे 1 जून हीच लिहिली गेली आहे, आणि गुरुजींना दुसरी कोणती तारीख सुचणे शक्य नव्हते.

2015 साली सरल ही संगणकप्रणाली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याला 19 अंकी ओळखक्रमांक मिळाला : पहिले 4 अंक वर्षाचे, पुढचे 11 शाळेच्या यू-डायस संकेतांकाचे, आणि शेवटचे 4 त्या मुलाचे. आम्ही ते क्रमांक हौसेने शीटमध्ये उतरवू लागलो आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी चार शून्ये. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले 15 अंक तेवढे सांभाळते. त्यापुढचे जे असेल त्याचे शून्य करते. चार आणि अकरा मिळून पंधरा. म्हणजे वर्ष सुखरूप राहिले, शाळा सुखरूप राहिली, आणि मूल तेवढे नाहीसे झाले. आम्ही हसलो. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी त्या रात्री मोखाड्याच्या रस्त्यावर जिथे रेंज मिळते त्या वळणावर मोटारसायकल उभी करून समूहावर भलामोठा संदेश लिहिला : आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे, म्हणजे संगणक त्याला संख्या न समजता मजकूर समजतो आणि त्यास हात लावीत नाही. त्या संदेशात पिवळ्या रकान्यांचा उल्लेखही नव्हता. खाली एवढेच होते, की ज्यांची शीट आधीच वर पाठविली गेली असेल त्यांनी क्रमांक पुन्हा पाहून हाताने भरावेत, आळस करू नये.

त्यांच्या या कडकपणाचे कारण मला पुढे कळले. दिवाळी झाली, भाताची झोडणी आटोपली, की आमच्याकडची कातकरी आणि इतर कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात. त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेने त्यांना बसवून घ्यावे, अशी तजवीज आहे. एकदा गुरुजी पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घेण्यास बाहेर गेले असता त्यांच्या संगणकावर एक शीट उघडी राहिली होती, ती मी पाहिली. मुलाचे नाव, भट्टी कुठली, मुकादमाचा फोन, जवळची शाळा, तिथल्या शिक्षकाचे नाव, कार्ड पोचले का, वर्गात बसतो का, परत आला का. तिच्यात एकही सूत्र नव्हते. कुठे कुलूप नव्हते. सगळे रकाने पिवळे होते, आणि त्यांतले पुष्कळसे रिकामे.

‘ही समूहावर का पाठवत नाही?’ मी विचारले.

‘ही अजून चालत नाही सर,’ ते म्हणाले. ‘भट्टीवरचा फोन लागला तरच पुढचा रकाना भरता येतो.’

मनुष्य तापदायक आहे याविषयी माझ्या मनात आजही संदेह नाही. त्यांचे मूळ गाव मराठवाड्यात आहे, आईवडील तिकडेच आहेत, आणि आंतरजिल्हा बदलीसाठी त्यांनी अर्ज केलेला आहे. सेवाज्येष्ठतेचा क्रम काढण्याची शीट त्यांचीच असल्यामुळे आपला क्रमांक कधी लागेल हे त्यांना इतरांपेक्षा आधी समजते. तो लागेल तेव्हा आमच्या केंद्रात एप्रिल महिना पुन्हा पूर्वीसारखा जाईल. तोवर ज्यांच्याकडे त्यांची शीट असेल त्यांनी तळाचे नाव राहू द्यावे; आणि रकान्यात जाळीसारख्या खुणा दिसल्या तर रकाना जरा रुंद करून पाहावा, त्यासाठी रात्री अकरा वाजता गुरुजींना फोन करू नये.