लाईनीत चला!

धाराशिव जिल्ह्यात संसारी माणूस रात्री घराबाहेर पडतो तो तीनच कारणांनी : देव, दवाखाना नाहीतर मयत. 'जरा लायटिंग बघून येतो' हे चौथं कारण कुणी घरात सांगून बघितलं असेल, तर त्याचं पुढं काय झालं हे त्यालाच ठाऊक. अशा मुलखात 24 डिसेंबरच्या रात्री दहा-बारा घरांतली कर्ती माणसं उठवायची, त्यांना कानटोप्या घालायला लावायच्या आणि मोटारसायकलींवर बसवून सत्तरएक किलोमीटरवरच्या सोलापुरात नाताळची रोषणाई बघायला न्यायची, हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यासाठी जन्माला यावं लागतं. प्रत्येक तालुक्यात असा एकजण जन्मलेला असतोच. आमच्याकडच्याला बापू म्हणतात.

बापू पन्नाशी ओलांडलेले. नोकरी पतसंस्थेत, वसुलीची. त्यामुळं माणसाला घरातून बाहेर कसं काढायचं याचा दांडगा अनुभव. गाडी एमएच-25 पासिंगची जुनी स्प्लेंडर. कॅरिअरला बांधलेल्या पिशवीत दोन प्लग, क्लचची वायर, पाना, पक्कड, हवा भरायचा पंप, रेडियमची गुंडाळी आणि खडीसाखर. खडीसाखर कशाला, असं कुणी विचारलं की बापू त्याच्या तोंडात खडा घालतात, मग तो पुढं काही विचारत नाही. अंगात रेडियमच्या पट्ट्यांचं जाकीट, त्याच्या आत स्वेटर, स्वेटरच्या आत वारं अडवायला घातलेला पेपर. गळ्यात शिट्टी. लग्नातल्या फोटोत काढली असेल तेवढीच.

ही खोड तरुणपणची. नवरात्राच्या तोंडावर गावोगावची मंडळं तुळजापूरला येतात, भवानीची ज्योत पेटवून घेतात आणि पळत आपल्या गावी नेतात. पोरं आळीपाळीनं पळतात, मागं टेम्पो, टेम्पोच्या पुढंमागं दोन-चार मोटारसायकली. बापू त्या मोटारसायकलवाल्यांत असायचे. पळणाऱ्या पोराच्या पाठीमागं रात्र-रात्र पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी हाकून त्यांच्या मनगटात जो वेग बसला तो कायमचा बसला. आजही रस्ता मोकळा असो की उतार असो, बापूंचा काटा चाळिसाच्या पुढं सरकत नाही. आणि ज्याचा सरकतो त्याला पुढच्या वेळी निरोप जात नाही.

नाताळच्या महिनाभर आधी ग्रुपवर मेसेज पडतो. 'सर्व बंधूंना कळविण्यात येते की' अशी सुरुवात, खाली सूचना, आणि शेवटी 'आपला विश्वासू'. त्यावर पटापटा अंगठे येतात. बापूंना अंगठ्यांची भाषा येते. एक अंगठा म्हणजे वाचलं. दोन अंगठे म्हणजे येणार नाही. 'बघू' म्हणजे बायकोला विचारायची हिंमत अजून झालेली नाही. मग बापू वसुलीला निघावं तसे घरोघर निघतात आणि ज्याच्या-त्याच्या घराला शोभेल असं कारण पुरवतात.

या कामी बापूंच्या एका मावससासूचे समाजावर फार उपकार आहेत. ही बाई सोलापूरच्या एका दवाखान्यात वर्षातून तीन-चारदा अ‍ॅडमिट व्हायची, ती नेमकी राईडच्या दिवशी. तिला बघायला जाणं हे माणुसकीचं काम, तेव्हा कुठली बायको नाही म्हणणार? कित्येक घरांतून तिच्यासाठी डबे गेले. ते तामलवाडीच्या अलीकडं एका झाडाखाली संपायचे. मध्यंतरी एका लग्नात ही मावससासू धडधाकट येऊन पंगतीत बसली. ग्रुपमधल्या यच्चयावत बायका तिच्याभोवती जमल्या. "आता कसं हाय काकू?" "तेलकट नका खाऊ काकू." काकू म्हणाल्या, "मला मेलीला साधं पडसं नाही गं कधी!" बापू त्या वेळी वाढप्यांना मदत करायला मुदपाकखान्यात गेले होते. शेवटची पंगत उठेपर्यंत ते बाहेर आले नाहीत.

तेव्हापासून दवाखाना बंद पडला आणि बापूंनी देव पुढं केला. त्यांचं म्हणणं असं की, आपल्या जिल्ह्यातले देवसुद्धा एका जागी बसणारे नव्हेत. तुळजाभवानीची मूर्ती चल; ती सिंहासनावरून हलते, पालखीत बसते, दसऱ्याला सीमोल्लंघन करते, आणि त्यासाठी पालखी येते ती पार नगरजवळच्या भिंगारहून. खंडोबाचं तर मूर्ती एक आणि देवळं दोन, अणदूर आणि नळदुर्ग. मुक्काम हलला की देवच इकडून तिकडं जातो. "देव फिरायलेत अन् तुम्ही गोधड्या धरून बसलाव!" यापुढं घरातली म्हातारी माणसंही गप्प बसतात. एका आजीनं तेवढं विचारलं, "पर नाताळ आपल्या कुठल्या देवाचा रं?" बापू म्हणाले, "आजी, लायटीला जात नसते." आजीनं कनवटीची दहाची नोट काढली. "मग माझीबी एक मेणबत्ती लाव तिथं."

निघायची वेळ संध्याकाळी सात, म्हणजे आठ. शिवाजी चौकात गाड्या जमतात. मेडिकलवाले, झेरॉक्सवाले, निवृत्त मास्तर, मास्तरांच्या मागं त्यांचा जावई, आणि नवी बुलेट घेतलेला एक प्लॉटिंगवाला. बापू प्रत्येकाचं टायर अंगठ्यानं दाबून बघतात, ब्रेकचा दिवा लागतो का ते बघतात, कुणाचं साईड स्टँड खाली राहिलंय ते बघतात आणि मग नियम सांगतात. पहिला नियम : माझ्या पुढं कुणी जायचं नाही. दुसरा नियम : शेवटच्या गाडीच्या मागं कुणी राहायचं नाही. दुसरा नियम मोडणं आजवर कुणालाही जमलेलं नाही, तरी बापू तो दोनदा सांगतात. तिसरा नियम शिट्टी फुंकून सांगायचा असतो : "लाईनीत चला!"

लाईन निघते. प्लॉटिंगवाल्याची बुलेट चाळिसाच्या वेगात धापा टाकते आणि तिच्या मालकाचं तोंड उतरतं. अडीच लाखांची गाडी घेऊन आपण स्प्लेंडरच्या मागच्या दिव्याकडं बघत चाललोय, हे त्याला पटत नाही. मध्येच तो जरा रेस करतो. पुढून शिट्टी वाजते.

डिसेंबर म्हणजे उसाचा गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडं निघालेले. पुढं टेपवर गाणं एवढ्या मोठ्यानं की पुढच्या गावाला ऐकू जावं, आणि मागं ना लाल दिवा ना रेडियम. जवळ गेल्यावर कळतं की समोरचा अंधार म्हणजे ऊस आहे. बापू अशा ट्रॅक्टरला सोडत नाहीत. अप्पर-डिपर मारून त्याला कडेला घेतात, ड्रायव्हरला त्याच्या पोराबाळांची आठवण करून देतात आणि पिशवीतून गुंडाळी काढतात. ट्रॉलीच्या फाळक्यावरची धूळ स्वेटरच्या बाहीनं पुसतात. पट्टी दातानं तोडतात, डाव्या टोकाला एक, उजव्या टोकाला एक चिकटवतात, वरून अंगठा फिरवतात. मग वीस-पंचवीस पावलं मागं जाऊन टॉर्च मारतात. दोन्ही पट्ट्या लखलखल्या की म्हणतात, "हं, जा आता." गुंडाळी पदरच्या पैशाची असते. ड्रायव्हर आभार मानत नाही. तो गाण्याचा आवाज आणखी वाढवून निघून जातो. बापू मात्र समाधानानं सगळ्यांकडं बघतात. आमची नाताळची पहिली रोषणाई ही.

पुढं चहा. चहाला थांबलं की मोजणी. एकदा मोजणीत गाडी कमी भरायच्या ऐवजी एक जास्त भरली. बापूंनी परत मोजलं, परत तेच. शेवटी प्रत्येकाला कानटोपी काढायला लावली, तेव्हा एक अनोळखी दूधवाला निघाला. रिकाम्या कॅनी घेऊन तो बिचारा आपल्या वस्तीवर निघाला होता. त्याचा फाटा मागंच राहिला. "शिट्टी वाजायलेली, जाकीट चमकायलेलं, मला वाटलं बंदोबस्त हाय. मधूनच फुटावं कसं?" बापूंनी त्याला चहा पाजला आणि दोन कॅनींना दोन पट्ट्या लावून परत पाठवला.

तुळजापूर आलं की धर्मसंकट. देवीच्या गावावरून दर्शन न घेता पुढं जायचं कसं? त्यात पौष लागला की प्रतिपदेपासून देवी मंचकावर निजते. ही तिची मोहनिद्रा. भाद्रपदातली घोर निद्रा आणि दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा धरून वर्षात अशा तीन निद्रा. ही तिसरी संपली की शाकंभरी नवरात्राचा घट बसतो. कधी कधी नाताळ बरोबर या दिवसांत येतो; 2025 साली तसा आला होता. मास्तर म्हणाले, "थांबू या." मेडिकलवाले म्हणाले, "निजल्यात त्या, उगीच कशाला?" बापूंनी निकाल दिला : गाडीवरूनच हात जोडायचे, पण एका वेळी एकच हात, आणि तुळजापूर ओलांडेपर्यंत हॉर्न कुणी वाजवायचा नाही. सगळी लाईन दबक्या आवाजात गावाबाहेर पडली. बुलेटवाल्याला मात्र बापूंनी खाली उतरून गाडी ढकलायला लावली. "तुझ्या फटफटीनं देवी उठली तर नवरात्राचं वेळापत्रक बिघडंल."

मग घाट. "न्यूट्रल मारून कुणी उतरायचं नाही," हे बापू वळणावळणावर ओरडून सांगतात. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव असा 84 किलोमीटरचा लोहमार्ग मंजूर आहे, काम चालू आहे. गाडी सुरू झाली की आपण शिट्टी खाली ठेवणार, असं बापू दरवर्षी जाहीर करतात. आमचा अंदाज आहे की त्या दिवशी ते शिट्टी घेऊन फलाटावर उभे असतील आणि इंजिनापुढं कुणी जायचं नाही म्हणून सांगतील.

तामलवाडीच्या टोलनाक्यावर दुचाक्यांना कडेनं मोकळी वाट असते. बापू तरीही थांबतात. काचेवर टकटक करून आतल्या पोराला सांगतात, "धाराशिवच्या गाड्या हायेत. सोलापूरला निघाल्यात. परत येणार." पोरगा म्हणतो, "दुचाकीला टोल नाही काका." "म्हाईत आहे. पण नोंद असावी."

सोलापुरात रंगभवनाच्या परिसरातल्या चर्चपाशी पोचलो तेव्हा रस्ता माणसांनी फुललेला. चांदण्यांचे कंदील, झाडांवर लायटिंगच्या माळा, नव्या कपड्यांतली पोरं. आमच्या मंडळींचा जन्म गणपतीचे देखावे बघण्यात गेलेला, त्यामुळं ख्रिस्तजन्माच्या देखाव्यापुढं परीक्षक आल्यासारखे उभे राहिले. झेरॉक्सवाल्यांना गवत खरं वाटलं, मेडिकलवाल्यांना मेंढपाळ जरा उंच वाटला. गोठ्यात मेंढरांच्या कडेला एक काळं करडू ठेवलेलं होतं. बापू खाली बसले, चष्मा पुसला, कानांची ठेवण बघितली आणि मागं वळून म्हणाले, "उस्मानाबादी हाय." जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीच्या जातीचं काही अजून बदललेलं नाही. "जुळी देणारी जात. बेथलेहेमात कामाला आली असती." त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी माणसांनाही ते करडू दाखवायला लागले.

आत प्रार्थना चालू होती. आम्ही दाराशी उभे राहिलो. पेटी, तबला, आणि चाल ऐकून झेरॉक्सवाल्यांनी नकळत टाळी धरली. "अरे, हा तर अभंग हाय!" मास्तरांना पन्नास वर्षांची सवय, लगेच शिकवायला लागले : 1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, तिथून पुढं सोलापुराकडं, नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीत आणली. प्लॉटिंगवाला म्हणाला, "म्हंजे पालखी नगरकडून अन् हेबी नगरकडून." मास्तरांना जन्मात इतका हुशार विद्यार्थी मिळाला नव्हता. दाराशी उभ्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला बघितलं, "बाहेर का उभे? आत या की," म्हणाल्या आणि हातावर केकचे तुकडे ठेवले.

सगळे आत गेले, बापू तेवढे नव्हते. शोधत बाहेर आलो तर ते गाड्यांपाशी. आजीच्या दहाच्या नोटेची मेणबत्ती आणून त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर लावली होती, वारं लागू नये म्हणून एका अंगानं हेल्मेट ठेवलं होतं, आणि त्या उजेडात ते मास्तरांच्या गाडीचा ढिला आरसा आवळत होते. लायटिंग बघितलं का, म्हणून विचारलं. "बघितलं की. तुमच्या सगळ्या गाड्यांचे मागचे दिवे लागायलेत. एकाचा उडालाय, प्लॉटिंगवाल्याचा. अडीच लाखांची गाडी!" तेव्हा कळलं, बापू दरवर्षी सोलापूरला येतात ते आमची रोषणाई बघायला. ख्रिसमस, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा, नवरात्र हे सगळं त्यांच्या दृष्टीनं निमित्त. माणसं घराबाहेर पडून एका लाईनीत चाललेली दिसली की त्यांचा सण झाला.

परतीच्या वाटेवर मात्र हे सगळं मी मनातल्या मनात मागं घेतलं. गारठा हाडात शिरलेला, रस्ता रिकामा, घाट चढून झालेला, आणि पुढं बापूंचा काटा चाळिसावर. पहाटे घरी पोचून गोधडीत शिरलो तोच मोबाईल वाजला. 'सर्व बंधूंना कळविण्यात येते की, संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा असून शोभेचे दारूकाम व तळ्याकाठची रोषणाई पाहणेस जाणेचे योजिले आहे. देवाचेच कारण असल्याने घरी अडचण येऊ नये. आल्यास मावससासूबाईंची तब्येत पुन्हा बिघडवता येईल, त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांची अट एकच, या खेपेला त्यांनाही डबलसीट न्यायचे. आपला विश्वासू.'

खाली लगोलग अंगठे आले होते. एकेकच.