माझं वचन कुठलं?

ख्रिस्ती घरातलं पोर भागाकार शाळेत नंतर शिकतं, कौटुंबिक प्रार्थनेत आधी. आमच्या नगरच्या घरी रात्री जेवणाआधी सगळे सतरंजीवर गोल करून बसायचे, आजोबा अध्याय सांगायचे आणि प्रत्येकाने आळीपाळीने एकेक वचन वाचायचं. अध्याय उघडला की पोरांची बोटं पानावरून भराभर खाली सरकायची. आजोबांचं पहिलं, आजीचं दुसरं, काकांचं तिसरं... म्हणजे माझं सातवं, आणि पुढच्या फेरीत पंधरावं. सातवं सोपं निघालं की जीव भांड्यात पडायचा. मग तेवढं एकच मनात घोळवत बसायचं. आधीच्या सहा वचनांत देव काय म्हणाला, ते ज्याचं त्याने बघावं.

हे गणित मोडायला एक पाहुणा पुरे व्हायचा. तो दारातून ‘सलाम’ करत यायचा आणि नेमका माझ्या अलीकडे मांडी ठोकायचा. मी घोटून तयार केलेलं वचन त्याच्या पदरात, आणि माझ्यापुढे एसावाच्या वंशातले सरदार!

या सगळ्याचं मूळ रॉबर्ट एस्तियेन नावाच्या फ्रेंच मुद्रकात आहे. अध्याय तेराव्या शतकातच पडले होते. पण नव्या कराराच्या वचनांना आज चालतात ते आकडे त्याने १५५१ साली दिले. पॅरिसहून लिओंला जाताना वडिलांनी हे काम घोड्यावरच्या प्रवासात उरकलं, असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय. अभ्यासक म्हणतात, घोड्यावर नव्हे, वाटेतल्या मुक्कामांत केलं असेल. मला मात्र घोडाच पटतो. वाक्याच्या ऐन मध्यात जिथे वचन तुटतं, तिथे घोडा ठेचकाळला असणार.

शिवाय वाटणीत न्याय नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायातलं पस्तिसावं वचन अवघं दोन शब्दांचं. ते आपल्या वाट्याला यावं म्हणून आम्ही भावंडं एकमेकांना ढकलून जागा बदलायचो. उलट एस्तेरच्या आठव्या अध्यायातलं नववं! बायबलमधलं सर्वांत लांब वचन ते. त्यात राजाचे लेखक येतात, सुभेदार येतात, हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंतचे १२७ प्रांत येतात. ते वाचताना आत्याला हिंदुस्थानातच दम लागायचा.

नावांच्या अध्यायांना आजोबा कधी फाटा देत नसत. पहिल्या इतिहासाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे बहुतेक वंशावळच. एकदा धाकट्या काकाने सहा नावं गिळून ‘वगैरे’ म्हटलं. आजीने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, “नीट वाच. देवाच्या पुस्तकात नाव आलंय त्याचं. तुझं आलंय का?”

नव्या जावयाची परीक्षाही इथेच व्हायची. जावईबापू पहिल्यांदा मुक्कामाला आले की आजोबांना नेमका यशयाचा आठवा अध्याय सुचायचा. त्यात संदेष्ट्याच्या मुलाचं नाव आहे, महेर-शालाल-हाश-बज. एका दाजींनी पहिल्या वचनात ते कसंबसं पार केलं, घाम पुसला, आणि तिसऱ्या वचनात ते पुन्हा येतं हे दिसल्यावर पाणी मागितलं.

पण आमच्या घराण्याचा खरा कस लागायचा तो गणनाच्या सातव्या अध्यायात. वचनं ८९. वेदीच्या अर्पणासाठी बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस भेटी आणतात, आणि प्रत्येकाची भेट शब्दशः तीच: १३० शेकेल वजनाचं चांदीचं ताट, ७० शेकेलांचा चांदीचा कटोरा, धुपाने भरलेलं १० शेकेलांचं सोन्याचं पात्र, शिवाय बैल, मेंढे, बकरे. लग्नाच्या मांडवात माइकवरून आहेर पुकारावा तसा सगळा थाट. पाचव्या सरदारापाशी काकू हळूच उठून भाजी पाहून यायच्या. परत येईतो सातवा सरदार तेच ताट घेऊन उभा. “उरलेले एकदम धरू या का?” असं काकांनी सुचवलं, तेव्हा आजोबा म्हणाले, “नफतालीचा अहीरा अकरा दिवस थांबलाय. त्याचं ताट कोण वाचणार?”

वाचताना झोप लागली तर प्रेषितांच्या कृत्यांतल्या युतुखाचं नाव निघायचं. पौलाचं भाषण लांबलं म्हणून तो तरुण खिडकीतच पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला उठवलं म्हणून निभावलं. आमचं घर तळमजल्यावर असल्याने धोका कमी होता.

आता आजोबा नाहीत. पोरं पुण्यात, मस्कतला, कुठे कुठे. प्रार्थना व्हिडिओ कॉलवर होते. अडचण अशी की प्रत्येकाच्या पडद्यावर चौकटींचा क्रम वेगळा, त्यामुळे गोल असा राहिलाच नाही. एकच वचन तिघे एकदम सुरू करतात, तिघेही थांबतात, आणि मग ‘तुम्ही घ्या, तुम्ही घ्या’ चालतं. शेवटी आजीने वयाचा क्रम लावून दिला.

परवा ११९वं स्तोत्र होतं, १७६ वचनांचं. मूळ हिब्रूत बावीस अक्षरं, प्रत्येक अक्षराची आठ वचनं. कॉलवर आम्हीही आठच, म्हणजे एका फेरीत एक अक्षर, बावीस फेऱ्यांत स्तोत्र खलास! गणित इतकं चोख जमलं की मला भरून आलं. सतराव्या फेरीत मस्कतच्या आत्याची पाळी आली. ओठ हलताहेत, मान डोलतेय, आवाज नाही. “आत्या, म्यूट! म्यूट!” सगळे ओरडले. तिने वचन संपवून वर पाहिलं.

“राहू दे,” आजी म्हणाली. “ज्याला ऐकवायचं त्याला गेलं ऐकू. पुढचं घ्या.”

आत्या त्यावर बरंच काही बोलली. तेही म्यूटवरच.