छत्तिसावी खोली

चाकणच्या कांद्याला प्राप्तिकर नाही. त्याच कांद्याच्या वावरात खोल्या काढल्या, तर त्यांच्या भाड्याला आहे. सरकारच्या हिशेबाने हे अगदी सरळ आहे: शेतीचं उत्पन्न करमुक्त, घराचं करपात्र. पण हा भेद एखाद्या खोलीमालकाला समजावायला जाऊ नये. तो लगेच विचारतो, "कांद्यानं कधी कर भरण्याइतकं दिलं होतं का?" आणि मग बाजार समितीतल्या पडलेल्या भावांच्या आठवणींत तास जातो.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग भोसरी-आकुर्डीचे कारखाने आले आणि पुढे ही सगळी धावपळ इंद्रायणी ओलांडून चाकणला पोचली. जमिनी एमआयडीसीत गेल्या. ज्यांच्याकडे एखादा तुकडा उरला, त्यांनी त्यावर खोल्या काढल्या. नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, कुठेही जा. दहा बाय दहाच्या खोल्यांची रांग, वर पत्रा, पुढे पाण्याचा ड्रम, उंबऱ्यात सेफ्टी शूज. आत लातूर, नांदेड, बुलढाणा, नाहीतर थेट बिहार-ओडिशा. चौघांत एक खोली आणि दोन गाद्या. पहिल्या पाळीचा पोरगा उठून जातो आणि तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच उबेत आडवा होतो. पगार सात तारखेला, मालक आठला दारात.

तर अशा या मुलखात घरमालकांच्या भाड्यावर कर घ्यावा का, हा वाद रंगतो. तळेगाव चौकात वाहतूक अडली की वाद घालायला भरपूर वेळ मिळतो, आणि ती अडतेच. एका बाजूचं म्हणणं असतं, की मालक बसून खातो, आम्ही बारा तास उभं राहून खातो, मग कर आमच्याच पगारातून का? दुसरी बाजू सावध असते. ती म्हणते, मालकाला कर लागला की तो आपल्याच खिशातून काढणार, उगाच त्याला आठवण करून देऊ नका. दोन्ही बाजूंना वाटतं, की हा कर अजून यायचा आहे. तो कायद्यात कधीचाच येऊन बसला आहे, याचा कोणाला पत्ताच नाही.

"शेवटी भरणार भाडेकरूच" हे वाक्य काही चाकणचं खास नाही. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात घरभाड्याच्या उत्पन्नावरचा कर एप्रिल २०२७ पासून दोन टक्क्यांनी चढवायचं ठरलं, तेव्हा तिथल्या घरमालकांनी हेच ऐकवलं. ॲडम स्मिथने तर १७७६ सालीच लिहून ठेवलं, की घरभाड्यावरचा कर काही राहणाऱ्यावर पडतो आणि काही जमिनीच्या मालकावर. कोणावर किती, हे नाणेकरवाडीत येऊन बघायची संधी त्याला मिळाली नाही.

आम्हाला मिळाली. पिंपरी-चिंचवडमध्ये शास्तीकर नावाचं प्रकरण होऊन गेलं. ४ जानेवारी २००८ नंतरच्या विनापरवाना बांधकामांना मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती. या शहरात विनापरवाना म्हणजे चिखली, तळवडे, मोशी, भोसरीकडच्या गल्ल्याच्या गल्ल्या. घरपट्टीचं बिल आलं की मालक ते घडी न मोडता भाडेकरूला दाखवायचे, दवाखान्यातले रिपोर्ट दाखवावेत तसे, आणि सुस्कारा सोडून म्हणायचे, "बघ बाबा, आता तूच सांग." भाडेकरू काय सांगणार? दोनशे-तीनशे वाढवून द्यायचा. पुढे निवडणुकांमागून निवडणुका शास्तीकराने गाजल्या, आधी लहान घरांना सूट मिळाली आणि मार्च २०२३ मध्ये सगळीच शास्ती माफ झाली. पेढे वाटले गेले. पेढा भाडेकरूंनाही मिळाला. भाडं उतरल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही.

याचा अर्थ मालक लबाड, असा मी काढत नाही. भाडं करावर ठरतच नसावं, असा काढतो. एखाद्या कंपनीत नवी लाइन सुरू झाली, दोनशे पोरं भरती झाली, की आसपासच्या खोल्या आपोआप महाग होतात. लाइन बंद पडली की "खोली भाड्याने देणे आहे" च्या पाट्या लागतात आणि मालक एकदम प्रेमाने बोलू लागतो. कर ही फक्त वाढ सांगताना लाज वाटू नये म्हणून केलेली सोय.

पालिकेची करआकारणी हा तर कल्पनाशक्तीचा प्रांत. घर वर्षभर भाड्याने दिलं असतं तर किती आलं असतं, ते आधी ठरवायचं, त्यातून डागडुजीचे दहा टक्के सोडायचे, की झालं करयोग्य मूल्य. म्हणजे ज्याने आयुष्यात कोणाला ओसरीवर टेकू दिलं नाही, त्याच्याही घरात पालिकेला एक अदृश्य भाडेकरू दिसतो. शेजारच्या पुण्यात याची उलटी मजा आहे. मालक स्वतः राहत असेल तर करयोग्य मूल्यात ४०% सवलत. १९७० पासून चालत आलेली, मध्यंतरी गेलेली आणि २०२३ मध्ये परत आलेली. तिथे खरा भाडेकरू अदृश्य होतो. विचारायला कोणी आलं तर तो मालकाचा भाचा असतो, आणि चार वर्षं पाहुणचार घेत असतो.

वाकड, पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं युद्ध वेगळं होतं. ते पावतीचं. पगारातल्या घरभाडे भत्त्यावर सूट हवी तर भाड्याची पावती हवी, आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन. पॅन म्हटलं की भलेभले मालक विसराळू व्हायचे. त्यामुळे एकेकाळी कित्येक अभियंते कागदोपत्री महिना ८,३३३ रुपयांच्याच घरात राहत होते. नव्या करप्रणालीत ती सूटच नाही, तेव्हा ती लढाईही थंडावली. महिना पन्नास हजारांवर भाडं भरणाऱ्यांची गोष्टच निराळी. त्यांनी २% कर आधी कापूनच मालकाला पैसे द्यायचे असतात. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीने साहेबासाठी घर घेतलं, तर जुलै २०२२ पासून भाड्यावरचा १८% जीएसटी कंपनीनेच भरायचा. मोठ्या भाड्याचा कागद असा पक्का असतो.

खोलीतल्या पोराला कागद मिळत नाही, आणि माझ्या मते खरा घाव तिथे आहे. कर मालकाने भरला तर भाडेकरूचं किती जातं, यावर वाद होऊ शकतो. पण मालकाला कराची नुसती भीती वाटली, तर भाडेकरूचं जातं ते पूर्ण. "फोनपे नको, रोख दे." "करार कशाला? आपण काय परके आहोत?" मालकाकडे पोराच्या आधार कार्डाची झेरॉक्स असते, गावाकडच्या बापाचा नंबर असतो. पोराकडे मालकाचं काहीही नसतं. मग बँकेत पत्ता बदलायला गेलं की खिडकीतून विचारतात, राहता कुठे? तो खरं ते सांगतो, की कंपनीच्या मागे, पिठाच्या गिरणीशेजारी. गिरणीला वीजबिल असतं, याला काहीच नसतं.

कायदा वाचला तर वाटतं, भाडेकरूसारखा सुखी प्राणी नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात स्पष्ट आहे, की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ही जबाबदारी मालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. वर असंही, की नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. पाण्याची मोटर किती वाजता लावायची, याबद्दलसुद्धा ज्याचं कोणी ऐकत नाही, त्याचा शब्द कायद्याने प्रमाण!

चार हजारांच्या खोलीच्या अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क जेमतेम शंभर-सव्वाशे. नोंदणी फी शहरात हजार, ग्रामीण भागात पाचशे. करून देणाऱ्या एजंटचे वेगळे. म्हणजे सरकारी कर किरकोळ, तो भरायला जायचा खर्च जबर.

खराबवाडीकडच्या ओळखीतल्या एका आप्पांना मी एकदा हा सगळा हिशेब मांडून दाखवला. त्यांच्या खोल्या वीस. "आप्पा, समजा खोलीला चार हजार. वर्षाचे झाले नऊ लाख साठ हजार. घरपट्टी सोडाच, पण कायदा आधीच तीस टक्के सोडून देतो. राहिले पावणेसात लाखांच्या आत. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर शून्य."

आप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. "मंजी मला किती खोल्या चालतील?"

"पस्तीस. छत्तिसावीला बारा लाखांची वेस ओलांडाल. तीही थोडक्यात, नऊ-दहा हजारांनी. घरपट्टी वजा केली तर बहुधा तीही सुटेल."

"आन् मी इतकी वर्षं भीत होतो?"

"फक्त विवरणपत्र तेवढं भरावं लागेल."

आप्पा बराच वेळ खोल्यांच्या रांगेकडे बघत राहिले. मला वाटलं, आज पोरांना कागद मिळणार. आप्पा उदारपणे म्हणालेही, "मग देऊ की करार करून. भ्यायचं काय त्यात? आपलं समदं पांढरं." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "पर सायेब, करार झाला म्हंजी खोली पक्की झाली का नाय? पक्क्या खोलीला पाचशे जास्त लावले, तर कोण नाय म्हनंल?"