सोडून देण्यासाठी मासा धरण्याची शास्त्रोक्त पद्धती

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातील माशांची प्रतवारी त्यांच्या अंगच्या गुणांवरून जितकी झाली, तितकीच त्यांना पकडणाऱ्यांच्या प्रतिष्ठेवरूनही झालेली असून, सामन व ट्राउट हे 'गेम' म्हणजे खानदानी शिकारीचे मासे मानले जातात आणि उरलेली बहुतेक प्रजा 'कोर्स', म्हणजे जाडीभरडी, या एकाच पंगतीत बसवली जाते. या पंगतीतील टेंच आणि ब्रीम हे दोन मासे भारतातील रोहू-कटल्याचे दूरचे भाऊबंद होत. मात्र मासा हाती आल्यावर त्याचे पुढे काय करायचे, याविषयी महाराष्ट्रात जी शंका कोणासही कधी आलेली नाही, तिचे निरसन येथे आरंभीच करणे आवश्यक आहे. हा मासा खायचा नसतो. त्यास तोलून, न्याहाळून, जमल्यास त्याचे छायाचित्र काढून पुन्हा पाण्यात सोडायचे असते, आणि ज्यास हे पटत नाही त्याने पुढील विवेचन वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत.

गळाने मासे धरण्यास कोकणात 'गरवणे' म्हणतात. गरवण्याचा काळ मनास येईल तो नसून, १८७८च्या कायद्यापासून चालत आलेल्या प्रथेनुसार १५ मार्च ते १५ जून या विणीच्या दिवसांत इंग्लंडच्या नद्यांवर या माशांना अभय असते. बहुतेक तळ्यांना १९९५ साली या बंधनातून मोकळीक मिळाली असली तरी नॉर्फक परगण्यातील 'ब्रॉड्स' नावाच्या उथळ जलाशयांवर ते अद्याप लागू आहे, आणि म्हणूनच संयमाची सवय लावण्यास हे स्थळ सर्वांत योग्य होय. हे जलाशय निसर्गनिर्मित आहेत अशी समजूत दीर्घकाळ होती. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लँबर्ट यांनी १९५०च्या दशकात असे दाखवून दिले की मध्ययुगात जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतील कुजक्या वनस्पतींची माती, खणून काढल्याने पडलेले ते खड्डे आहेत. पूर्वजांनी जेथे अहोरात्र कुदळ चालवली, तेथेच वंशजांनी घडीच्या खुर्चीत बसून दिवस काढावा, हा इतिहासाचा न्यायच म्हणावा लागेल. तेरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास सरकारी परवाना लागतो, तो नसल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि एका परवान्यावर दोन काठ्या लावता येत असल्याने एकाच वेळी दोन ठिकाणी काहीही न मिळण्याची सोय कायद्यानेच करून ठेवलेली आहे.

जूनच्या मध्यावर तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो व रात्री नऊनंतर मावळतो. टेंच पहाटे चरतो आणि मोठा ब्रीम बहुधा अंधार पडल्यावर, त्यामुळे दोघांचाही मान राखू पाहणाऱ्यास मधले पंधरा-सोळा तास चहाच्या थर्मासकडे पाहत काढावे लागतात. बसण्याच्या जागेस 'स्विम' म्हणतात, कारण तेथे कोणीही पोहत नाही.

आमिषाचा विषय अधिक गंभीर आहे, कारण त्याचा संबंध गृहसौख्याशी येतो. माशीच्या जिवंत अळ्या हे सर्वमान्य आमिष असून त्या दुकानात पाइंटच्या मापाने मिळतात. दूध आणि बियर मोजण्याचेही हेच माप, सुमारे ५७० मिलिलिटरचे, असल्याने खरेदीची यादी कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीच्या हाती देताना वस्तूचे नाव स्पष्ट लिहावे. अळ्या गार ठेवल्या नाहीत तर त्यांचे कोष होतात, आणि गार ठेवण्याची जागा घरात एकच असते. याखेरीज पावाचा चुरा भिजवून त्याचे संत्र्याएवढे गोळे पाण्यात टाकावे लागतात. ब्रीम हा कळपाने फिरणारा व गुरांसारखा तळ चरत जाणारा मासा असल्याने त्याच्यासाठी हात आखडता घेऊन चालत नाही, आणि जुने जाणते गरवणारे तर मोहिमेच्या आधी काही दिवस एकाच जागी बादल्या रित्या करून माशांना रतीबच घालत असत. ज्यास काहीही मिळवायचे नाही, त्याने इतका खर्च का करावा, हा प्रश्न या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

यानंतर फ्लोट, म्हणजे दोरीला लावलेला तरंगता सूचक, पाहत बसायचे. जुन्या पद्धतीचा फ्लोट मोराच्या पिसाच्या दांड्याचा असतो, म्हणजे भारताच्या राष्ट्रीय पक्ष्याचा या निष्क्रियतेत थोडा वाटा आहेच. टेंचसाठी 'लिफ्ट' नावाची रचना प्रसिद्ध असून तीत गळाजवळचा वजनाचा मणी तळावर टेकलेला असतो. टेंच डोके खाली करून आमिष उचलतो तेव्हा मणीही उचलला जातो, दोरीवरचा भार हलका होतो आणि फ्लोट बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. (हे मणी पूर्वी शिशाचे असत, हंस ते गिळून विषबाधेने मरत असल्यामुळे १९८७ साली लहान आकाराच्या शिशावर बंदी आली.) कोकणात बोटाला हिसका बसला की काय ते कळते, येथे मात्र फ्लोट हलण्याचा अर्थ लावण्यातच विद्वत्ता आहे, कारण ब्रीमचे रुंद अंग दोरीला नुसते घासले तरी फ्लोट हलतो, आणि त्या भासावर विसंबून काठी खेचणाऱ्यास सगळा कळप सोडून जातो. टेंच चिखल उकरू लागला की पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा फेस येतो. परंतु कुजणाऱ्या तळातून निघणाऱ्या वायूचेही बुडबुडे येतात, आणि या दोहोंतला फरक ओळखू येईपर्यंत गरवणाऱ्याचे केस पांढरे झालेले असतात.

मासा लागलाच तर घाबरू नये. टेंच हिरवट-सोनेरी, लाल डोळ्यांचा व बुळबुळीत असून तो पाणवनस्पतींच्या मुळांकडे जिवाच्या आकांताने धावतो. त्याच्या अंगाच्या बुळबुळीने इतर मासे बरे होतात अशी जुनी समजूत असल्याने आयझॅक वॉल्टन यांच्या १६५३ सालच्या ग्रंथात त्यास माशांचा वैद्य म्हटले आहे. ब्रीम पापलेटासारखा चपटा, पण तांबूस आणि परातीएवढा होऊ शकणारा. तो दोन-चार हिसके देतो आणि मग ओल्या गोणपाटासारखा ओढला जातो. त्याचा चिकट स्राव जाळ्याला, विजारीला व मोटारीच्या आसनाला लागतो आणि वाळल्यावर तेथेच राहतो. मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करावेत, त्यास मऊ गादीवर निजवून गळ काढावा, आणि त्याच्या आकाराकडे पाहून मालवणी मसाल्याची आठवण झाल्यास दृष्टी क्षितिजाकडे वळवावी.

वाटसरू काठावर थांबून काही मिळाले का असे विचारतात, त्यांना संख्या सांगणे अप्रशस्त मानले जाते. थोडेसे मिळाले, इतकेच म्हणून हवामानाचा विषय काढावा. काहीच न मिळाल्यासही उत्तर हेच. घरी परतल्यावर उरलेल्या अळ्यांचा डबा शीतकपाटात ठेवताना झाकण घट्ट बसल्याची खात्री दोनदा करून घ्यावी, कारण त्या डब्याचा विसर पडून तो कधी उन्हातल्या खिडकीत गेलाच, तर काही दिवसांनी सकाळी स्वयंपाकघरात प्रथम जाणाऱ्या व्यक्तीस माश्यांच्या थव्यातून वाट काढावी लागते, आणि ती व्यक्ती बहुधा गरवणारी नसते.