दंतसूत्रधार

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने वळणाऱ्या लोकलमध्ये दंतसूत्रधार कोणत्या डब्यात, कोणत्या खिडकीशी व कोणत्या वेळी सापडतो, हे विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यातील वाचकांस वेगळे सांगण्याची गरज नाही. रोज तीच गाडी, तोच डबा आणि तोच दरवाजा धरणाऱ्या प्रवाशांच्या मंडळीस येथे ‘ग्रुप’ म्हणतात, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक भजनी, एक शेअरबाजारातला जाणकार, एक मंत्रिमंडळाच्या आतल्या गोटातला माहितगार व एक दंतसूत्रधार एवढा किमान संच असतोच. पैकी पहिल्या तिघांपासून कानांत इयरफोन घातले की सुटका होते, चौथ्यापासून होत नाही, कारण तो समोरच्याच्या तोंडाकडे पाहून बोलतो. संस्कृत नाटकातील सूत्रधार नांदीनंतर प्रस्तावना उरकून पडद्याआड जातो, हा मात्र प्रस्तावनेतच मुक्काम ठोकतो. त्याच्या हातातील सूत्र म्हणजे दोन दातांमधील फट साफ करण्याचा, बहुधा नायलॉनचा व मेण चढविलेला बारीक दोरा, ज्यास बाजारात फ्लॉस म्हणतात आणि ज्याची चपटी डबी त्याच्या शर्टाच्या खिशात, रेल्वेच्या पासाला टेकून, कायम उभी असते.

या पंथाची दीक्षा साधारणतः चाळिशीच्या सुमारास, दंतवैद्याच्या आडव्या खुर्चीत मिळते. खालच्या डाव्या दाढेत कळ येते, तीन रात्री लवंगेच्या तेलावर निघतात, चौथ्या दिवशी रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या मुळातील सडलेला गाभा काढून ती पोकळी बुजविण्याची क्रिया, करून घ्यावी लागते, आणि वर कॅप बसवून बिल हातात पडले की एवढी किंमत मोजून मिळालेले ज्ञान एकट्यापुरते ठेवणे त्यास पाप वाटू लागते. बिलाचा आकडा ग्रुपमधील प्रत्येकास पाठ असतो. तो दरवर्षी थोडा वाढतो, दाढ मात्र तीच असते.

त्याचे प्रतिपादन मुळात बरोबर आहे, हीच खरी अडचण आहे. दातांवर सतत साचणाऱ्या, जिवाणूंनी भरलेल्या चिकट थरास किटण म्हणतात. ते वेळच्या वेळी निघाले नाही तर लाळेतील क्षारांमुळे दगडासारखे घट्ट होते व मग दंतवैद्याच्या हत्यारावाचून निघत नाही. ब्रशचे केस दाताच्या पुढच्या, मागच्या व चावण्याच्या बाजूवर फिरतात, परंतु दोन दात जेथे एकमेकांना खेटून उभे असतात तेथे ते शिरत नाहीत, आणि हिरड्यांची सूज पुष्कळदा नेमकी तेथूनच सुरू होते. तेव्हा सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा जुन्या मापातला एक हात, एवढा दोरा घ्यावा. त्याचा बहुतेक भाग एका हाताच्या मधल्या बोटाला व उरलेला दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळावा, म्हणजे जसजसा तो मळेल तसतसा एका बोटावरून सोडून दुसऱ्यावर घेता येतो. आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा ताणून धरून तो हलक्या हाताने फटीत उतरवावा. एवढे होईतो गाडी उल्हासनगर सोडते. पुढचा भाग अंबरनाथपर्यंत चालतो व तोच मुख्य होय: फटीत उतरलेला दोरा करवतीसारखा मागेपुढे ओढू नये, कारण त्याने हिरडी कापली जाते, तो एका दाताच्या कडेला वळवून चंद्रकोरीसारखा बिलगवावा, हिरडीच्या काठाखाली अलगद सरकवावा, दाताला घासत वर-खाली न्यावा, आणि मग त्याच फटीतील शेजारच्या दातास उलट्या दिशेची चंद्रकोर द्यावी. या साऱ्या शास्त्राचा अर्क सूत्रधाराने तीन शब्दांत काढला आहे: ‘करवत नको, चंद्रकोर!’

एकदा हे सूत्र हाती आले की जगात सर्वत्र फटीच दिसू लागतात. लोकलच्या तिघांच्या बाकावर कडेला अर्ध्या मांडीने टेकण्याच्या जागेस चौथी सीट म्हणतात, ती मागणारा नवखा प्रवासी खांद्याने रेटू लागला की सूत्रधार बसल्या जागेवरून म्हणतो, “अहो, करवत नको, चंद्रकोर!”, आणि संतापजनक गोष्ट अशी की तो प्रवासी किंचित तिरका होऊन, पाठ वळवून टेकला की जागा खरोखरच होते. स्टेशनाबाहेर दोन रिक्षांमधून स्कूटर काढणाऱ्यास तो हेच सांगतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय कसा काढावा, साहेबाकडे रजा कशी मागावी, विहीणबाईंना फोनवर काय बोलावे, या सर्व प्रश्नांस त्याच्याकडे एकच उत्तर आहे. आणि एका सभासदाच्या घटस्फोटाची बातमी डब्यात आली तेव्हाही बराच वेळ शांत राहून तो एवढेच पुटपुटला की दोघांनीही करवत चालवली. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले असून तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हे वर्ष आहे, आणि त्याची बांधणी भूमिज शैलीची, म्हणजे शिखरावर लहान शिखरांच्या प्रतिकृती ओळीने रचण्याच्या पद्धतीची आहे. परंतु पाहुण्यांना ते दाखवताना सूत्रधार शिल्पांविषयी चकार शब्द काढत नाही, दगडांच्या सांध्यांत उगवलेल्या गवताकडे बोट दाखवून हळहळतो. मंदिराशेजारून उल्हासनगराकडे वाहत जाणारी वालधुनी नदी पाहिली की तो हळहळतही नाही. दोन शहरांच्या फटीत वर्षानुवर्षे कारखान्यांचे रंगीत पाणी व प्लास्टिक साचू दिले की काय होते, हे तेथे रुमाल नाकाला लावून कोणालाही पाहता येते, आणि या एका बाबतीत सूत्रधाराची उपमा त्याच्या ग्रुपलाही ताणलेली वाटत नाही.

चुकांच्या वर्गीकरणात त्याची प्रतिभा विशेष फुलते. प्रत्येक चुकीस त्याने ग्रुपमधील एकेका सभासदाचे नाव दिले आहे. येथे नावे गाळून गावे ठेवली आहेत.

पहिली उल्हासनगरची चूक. ज्या वसाहतीची कोनशिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसली आणि जेथे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडून पुढे बाजारपेठ व कारखाने उभे केले, तेथे कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी ती आपल्याकडे बनते का, हे आधी पाहतात; त्या रीतीला जागून जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर असलेल्या एका सहप्रवाशाने डबीवर पैसे न दवडता जीन्स शिवायच्या जाड दोऱ्याचे रीळच बेसिनवर आणून ठेवले. हा दोरा फटीत सहजी उतरत नाही, आणि जोर लावल्यावर उतरला की खाडकन हिरडीवर आदळतो. पुढचे आठ दिवस त्या गृहस्थाने दालपकवान फक्त उजव्या बाजूने खाल्ले. दुसरी बदलापूरची चूक, म्हणजे काटकसरीची. ५० मीटरची डबी रोज हातभर दोरा घेतल्यास १११ दिवस पुरते. घराचे हप्ते भरणाऱ्या एका सभासदाने रोज १५ सेंटिमीटरच घेऊन ती ३३३ दिवस पुरविली व हा हिशेब डबीच्या तळाशी बॉलपेनने लिहूनही ठेवला. एवढ्या तुकड्यात नवा भाग घ्यायला वाव उरत नाही, त्यामुळे एका फटीतले किटण उचलून दुसऱ्या फटीत नेऊन वसविले जाते. ज्या गावातली निम्मी माणसे परळहून डोंबिवलीस व डोंबिवलीहून बदलापुरास अशीच सरकत आली, तेथे हे स्थलांतर कोणाच्या लक्षात येऊ नये, याचे सूत्रधारास नवल वाटते. तिसरी चूक गावोगावची आहे: पहिल्याच दिवशी थुंकीत रक्त दिसले की दोरा कायमचा टाकून देणे. सुजलेल्या हिरडीतून रक्त येते, आणि रोज नीट सफाई केल्यास ते बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत थांबते. न थांबल्यास दंतवैद्याकडे जावे, असे तो सांगतो, आणि लगेच बिलाचा आकडा सांगतो.

त्याला विरोधक नाहीत असे नाही. मंत्रिमंडळाच्या आतल्या गोटातल्या गृहस्थाने एकदा मोबाइल पुढे करून डब्यात जाहीर केले की २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने दोऱ्याच्या उपयोगाचे पुरावे दुबळे असल्याचे दाखवून दिले आणि अमेरिकी सरकारच्या आहारविषयक मार्गदर्शिकेतूनही त्याचा उल्लेख गेला. सूत्रधार त्या दिवशी बदलापूरपर्यंत गप्प होता. दुसऱ्या दिवशी तो तयारी करून आला: न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी १८१९ च्या आपल्या पुस्तकात मेण लावलेल्या रेशमी धाग्याची शिफारस केली होती, हा पहिला मुद्दा, आणि २००६ च्या एका शास्त्रीय आढाव्यात असे आढळले की मुलांच्या दातांत शाळेच्या दिवशी प्रशिक्षित हातांनी दोरा फिरवला तेव्हा किडीचा धोका ४० टक्क्यांनी घटला, ज्यांनी स्वतः फिरवला त्यांना मात्र असा लाभ दिसला नाही, हा दुसरा. “म्हणजे दोऱ्यात खोट नाही, हातात आहे,” असे म्हणून त्याने विरोधकाकडे ज्या नजरेने पाहिले ती करवतीची होती, चंद्रकोरीची नव्हती. दोन दातांत जागा मोठी असेल तर दोऱ्यापेक्षा बारीक फटीब्रश सरस ठरतो, हे त्यास ठाऊक आहे. परंतु त्या ब्रशला सूत्र म्हणता येत नसल्यामुळे तो विषय तो वाढवीत नाही.

चौथी चूक मात्र तो आवाज उतरवून सांगतो, आणि ती कोणाच्या नावावर नाही. शेवटच्या दाढेच्या पलीकडे दात नसतो, म्हणून तेथे फट नाही, आणि फट नाही म्हणून तेथे काही साचत नाही, असे धरून माणसे तेथूनच परत फिरतात. वास्तविक तिच्या मागच्या बाजूसही तीच चंद्रकोर द्यावी लागते. मुंबईची कोणतीही सोय ठाण्यापर्यंत हौसेने आणि कल्याणपर्यंत नाइलाजाने येते व तेथून वळते, हे ज्यांनी कल्याणच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट पाहत अनुभवले आहे, त्यांना शेवटच्या दाढेचे दुःख समजवावे लागत नाही. सकाळी अंधारात घर सोडून रात्री अंधारातच परतणाऱ्या या माणसाच्या हुकमतीत गाडीची वेळ नाही, नळाची वेळ नाही, साहेबाची मर्जी नाही. त्याच्या हुकमतीत रात्री अकराला बेसिनच्या दिव्याखाली हातभर दोरा आणि तोंडातल्या तीसेक फटी एवढेच क्षेत्र येते, व ते तो निष्ठेने सांभाळतो. हे एकदा ध्यानात आले की त्याच्यावर पूर्वीइतके चिडता येत नाही, याचा ग्रुपला थोडा रागच येतो.

चुकांच्या यादीत अंबरनाथ राहिले, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल. अंबरनाथची ओळख दीर्घकाळ आगपेट्यांच्या विमको कारखान्याशी जोडलेली होती व त्याच्या नावाचा नाका आजही रिक्षावाल्यास सांगता येतो. त्या काळच्या घरांत जेवण झाले की वडीलधारी माणसे आगकाडीने दात कोरीत दाराशी बसत. काडी जाड असते, ती फटीतला मोठा कण काढते, किटण तसेच ठेवते, आणि वर्षानुवर्षे टोचून हिरडी मागे सरकवते. ही चूक सूत्रधार डब्यात सांगत नाही. रविवारी दुपारी तो बदलापुराहून अंबरनाथला, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेल्या वडिलांकडे जातो, स्टीलच्या पेल्यात ठेवलेली त्यांची कवळी उचलतो, हातून निसटली तर फुटू नये म्हणून बेसिनमध्ये आधी पाणी भरतो, आणि मऊ ब्रशने एकेक खोबण घासत दहा मिनिटे तेथे उभा राहतो. त्या दहा मिनिटांत तो एक शब्दही बोलत नाही. “झालं का रे?” असे आतून विचारले जाते, “झालं, बाबा,” असे तो म्हणतो, आणि जेवण उरकल्यावर वडिलांचा हात सवयीने खिशातली काडेपेटी चाचपू लागतो तेव्हा खिडकीबाहेर पाहतो.

तेव्हा संध्याकाळच्या गाडीत त्याच्या शेजारची चौथी सीट रिकामी दिसली तर वाचकांनी दुसरा डबा शोधू नये. अंबरनाथपर्यंत ऐकून घ्यावे, आणि घरी गेल्यावर शेवटच्या दाढेची मागची बाजू तेवढी आज रात्री करून टाकावी.