अनोळखी टोकनाचं कूळ कसं काढावं

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात नाण्यांचा ढीग उपसला की एखादी चकती हमखास निघते. पितळी, वरच्या कडेला भोक, एका बाजूला इंग्रजीत ‘के. एम.’ आणि ४१७ हा आकडा, दुसरी बाजू कोरी. राजा नाही, सिंह नाही, साल नाही. अशा चकतीचं कूळ काढणं हे शास्त्र आहे आणि नवशिक्याने ते रीतसर शिकावं.

विकणाऱ्याला चकतीचं वय अवश्य विचारावं, मात्र उत्तर लिहून घेऊ नये. सुरुवातीला ती शिवकालीन असते. आपण निम्मी किंमत सांगितली की पेशवाईत येते, पाठ फिरवली की ‘ब्रिटिश टाइम’ची होते. आणीबाणीपर्यंत खाली आली की घेऊन टाकावी. त्यापुढे घासाघीस केली तर परवाच पाडलेली निघायची.

चकती अॅल्युमिनियमची असेल तर पेशवाईचा मुद्दा तिथेच सोडावा. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये, आणि हा धातू पहिल्यांदा वेगळा केला गेला १८२५ मध्ये. लोहचुंबक जवळ ठेवावा. चिकटली की लोखंड, असं मात्र लगेच म्हणू नये; १९४७ चा निकेलचा रुपयाही चिकटतो. चिंचेने किंवा पावडरीने चकती घासू नये. उठाव झिजतो, आणि उद्या ‘के’चा ‘आर’ वाचून आपण भलत्याच गावाला जाऊ.

किंमत लिहिलेली असेल तर काम सोपं, म्हणजे रंगत कमी. आणा किंवा पै असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा हिशोब. ‘न. पै.’ असेल तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतला नवा पैसा. ‘एक चहा’ असं लिहिलेलं असेल तर मात्र संशोधनाला वाव राहत नाही. अशी टोकनं दुसऱ्या संग्राहकाला भेट द्यावीत.

खरी विद्या आद्याक्षरांत आहे. ‘जी. आय. पी.’ किंवा ‘बी. बी. अँड सी. आय.’ दिसलं तर कुणीही सांगेल की रेल्वे, आणि १९५१ च्या आधीची, कारण त्या साली त्यांच्या मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. पण ‘के. एम.’? दादरची कोहिनूर मिल. भायखळ्याची खटाव मिल. लोअर परळची कमला मिल. तिन्ही के, तिन्ही एम, तिन्ही मुंबईतल्या. शिवाय केवळ दोन अक्षरांवर गावोगावचे किराणा मर्चंट, खानावळींचे मालक आणि एखादं मंगल कार्यालयही हक्क सांगू शकतं. भोक असेल तर चकती खिळ्याला टांगली जात असावी, आकडा असेल तर ती एकेका माणसाच्या नावावर असावी. म्हणजे गिरणीतला हजेरीचा बिल्ला. हा तर्क सरळ आहे, म्हणून संग्राहकांच्या बैठकीत तो सगळ्यात शेवटी मांडावा. आधी ‘कोल्हापूर महाराज’ म्हणून पाहावं. सभासद सरसावून बसतात.

मालकाने पूर्ण नाव का घातलं नाही, असा राग धरू नये. नाण्यासारखे चालवायचे धातूचे तुकडे खासगीत पाडायला १८८९ च्या कायद्याने बंदी होती, आणि तो कायदा थेट २०११ मध्ये रद्द झाला. चहाच्या उधारीपायी पूर्ण पत्ता छापणारा माणूस धाडसीच म्हणायचा.

एका बाबतीत मात्र थट्टा नको. राम, लक्ष्मण, सीता, मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ अशी चकती कुणी लाखांत विकायला आणली तर नमस्कार करून वाटेला लावावं. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणीच मुळी १८३५ मध्ये आली. ती देवळाबाहेर विकली जाणारी श्रद्धेची चकती आहे, आणि तिच्यापायी लोकांनी खरोखरीचे पैसे घालवले आहेत.

सर्व उपाय थकल्यावर, आणि त्याआधी कदापि नाही, ज्यांनी ती चकती वापरली असेल त्यांना विचारावं. लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत, साच्यावर उमेद घालवलेल्या काकांपुढे चकती ठेवावी. काका ती हातात न घेताच म्हणतील, “हाजरीचा कसला? कँटीनचा बिल्ला हाय ह्यो. दिला की उसळ भेटायची.” पुराव्याला ते उसळीची चवही सांगतील.

अशा वेळी डगमगू नये. काकांचे आभार मानावेत, चहा घ्यावा आणि वहीत लिहावं : ‘मौखिक माहिती, पडताळणी बाकी.’ पुढच्या प्रदर्शनात दुसऱ्या संग्राहकाच्या काचेखाली तशीच चकती दिसेल आणि खाली लेबल असेल : ‘संस्थानी शिकारखाना, अतिदुर्मीळ.’ त्याच्याशी वाद घालू नये. आपलंही लेबल तसंच करून घ्यावं. दोन लेबलं जुळली की तिसरा ती संदर्भ म्हणून छापतो, आणि त्यानंतर काका उसळीचं नाव काढतील तर त्यांना ते छापील पान दाखवावं.